रथाचा हूक

भंगारवाल्याच्या आवारात नाना उकिडवा बसला होता आणि एकेक हूक उचलून, उलटासुलटा करून, मुलीसाठी स्थळ बघावं तसा बघत होता.

"हा नको," तो म्हणाला. "याचा जबडा ढिला झाला."

"तो केळीच्या ट्रॉलीचा आहे. आपल्याले चालणारच नाही."

"मंग हा?"

"त्याची पिन पाह्य किती बारीक. रथ ओढायचा आहे नाना, बकरी नाही."

नाना हसला. मला बरं वाटलं. गावातून निघाल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी त्याला बरोबर आणणारच नव्हतो. सकाळी टेम्पोचं दार उघडलं तर हा आधीच आत बसलेला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. "हूक घ्यायले जातो नं? मीही येतो," एवढंच म्हणाला. ज्या हुकामुळे त्याचं काम संपणार होतं तो निवडायला हा माणूस स्वतः निघाला होता. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, चला, नानानं मनाची समजूत घातली, सुटलो.

नाना माझा थोरला भाऊ. खरं नाव सुपडू. त्याच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून हा जन्मल्यावर त्याला सुपात घालून ठेवलं होतं, आणि आमच्या खानदेशात अशा मुलाचं नाव सुपडूच पडतं. माझं नाव लोटन. गावच्या स्टँडवर माझं वेल्डिंगचं दुकान होतं आणि नाना लोकांच्या मळ्यात केळीचे घड वाहायचा. पण कार्तिकी एकादशीच्या दिवशी नानासमोर मी कोणीच नव्हतो. मीच कशाला, गावात कोणीच कोणी नव्हतं. त्या दिवशी बालाजीचा रथ निघायचा, आणि रथाची मोगरी आमच्या घराची.

मोगरी म्हणजे बाभळीची जाड पाचर, तिला छातीपर्यंत येणारा दांडा. आमचा रथ तीन मजली, सगळा सागवानी. त्याची चाकं वळत नाहीत, आसावर सरळ बसवलेली आहेत. मग रथ वळवायचा कसा? तर ज्या अंगाला वळायचं त्या अंगाच्या चाकापुढे मोगरी घालायची. ते चाक अडतं, दुसरं पुढे जातं, आणि रथ कुरकुरत तोंड फिरवतो. थांबवायचा असला तरी मोगरीच. मोगरीवाला चाकापाशी वाकतो, पाचर सारतो आणि ओरडतो, "लागलीऽऽ!" की दोराला लागलेल्या सगळ्या हातांनी दोर सोडायचा. सरपंच असो, सावकार असो, सोडायचाच. वर्षाचे बाकीचे दिवस नानाला कोणी चहाला विचारत नसे. त्या एका दिवशी अख्खं गाव त्याच्या हाकेवर थांबत असे.

पण दोराला हात तर हवेत ना. पोरं सुरतेला गेली, पुण्याला गेली, चाकणच्या कारखान्यांत गेली. आदल्या वर्षी दोर ओढायला म्हातारे आणि शाळकरी पोरंच उरली. मारुतीच्या वळणावर रथ अडकला तो हलेना. बालाजी रात्रभर रस्त्यात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसं गोळा करून रथ देवळात नेला, तेव्हा दिगंबरशेठ माझ्या दुकानात आले. ते रथ कमिटीचे अध्यक्ष.

"लोटू, रथ ट्रॅक्टरले जोडता येईल का?"

"येईल," मी म्हणालो. मला विचारही करावा लागला नाही. कारण हा विचार मी लहानपणापासून करत आलो होतो.

आमचे वडील, आबा, ते मोगरीवाले होते तेव्हाची गोष्ट. त्याच मारुतीच्या वळणावर त्यांनी मोगरी सारली, "लागली" म्हणून ओरडले, आणि पुढच्या काहींनी दोर सोडलाच नाही. प्यायलेले होते म्हणे. चाक मोगरीवरून घसरलं आणि आबांच्या पायावरून गेलं. पाय कापावा लागला. त्यानंतर आबा घरापुढच्या ओट्यावर बसून असायचे. सकाळी बसवायचं, संध्याकाळी उचलून आत न्यायचं. ते कोणावर चिडले नाहीत, रडलेही नाहीत, नुसते रस्त्याकडे बघत बसले, आणि एक दिवस बसल्या जागी गेले. मोगरी नानाच्या हाती आली. तेव्हापासून दर कार्तिकीला नाना त्या चाकापुढे वाकला की मी डोळे मिटून घ्यायचो. मला रथाचं काही नव्हतं. मला माझा भाऊ दोन्ही पायांवर घरी यायला हवा होता.

भंगाराच्या ढिगात शेवटी मला हवं ते दिसलं. लष्कराच्या जुन्या ट्रेलरचा हूक. जबडा वरून मिटणारा, त्यावर खटका, आणि सगळा हूक आपल्या जागी गोल फिरणारा, म्हणजे रस्ता वरखाली असला तरी पीळ बसायचा नाही. उचलायला दोघं लागलो. मी भंगारवाल्याकडून घासलेट मागितलं, हूक पुसला आणि खिशातला खडू काढून त्यावर घासायला लागलो.

"हे काय, शाळा भरवली का?" नाना म्हणाला.

"चीर असली तं त्यात घासलेट जाऊन बसते. मंग खडूवर ओली रेघ उमटते."

आम्ही दोघं हुकावर वाकून बघत राहिलो. रेघ उमटली नाही.

शेजारीच दुसरा एक हूक होता, हलका, स्वस्त. भंगारवाला तो पुढे सरकवत म्हणाला, "हा घ्या. हा पण नेईल ओढून."

"नको," नाना एकदम म्हणाला. "लोटू, हाच घे. हा धरल्यावर सोडणार नाही."

परतताना हूक आमच्या पायांशी आदळत होता. नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "साखळीच लाव नं रे. दोराच्या जागी साखळी. बाकी रथ जसा आहे तसा."

"साखळी ओढते नाना, धरत नाही. पाराच्या उतारावर ट्रॅक्टर थांबला आन रथ नाही थांबला तं? गोकुळच्या पाठीत जाईल."

गोकुळ म्हणजे ट्रॅक्टर चालवणार होता तो, दिगंबरशेठचा पुतण्या.

"मी असतो नं चाकापाशी."

"म्हणूनच साखळी नाही."

 मी त्याला समजावून सांगितलं. पुढच्या आसाखाली ट्रकच्या ट्रेलरची फिरती चकती बसवायची, म्हणजे पुढची चाकं आपोआप वळतील. चकतीतून लोखंडी दांडा पुढे काढायचा, दांड्याच्या टोकाला कडी, कडी ट्रॅक्टरच्या हुकात. ट्रॅक्टर जिकडे तोंड करील तिकडे रथ जाईल, ट्रॅक्टर थांबला की रथ थांबेल. चाकापाशी कोणालाच उभं राहायला नको.

"आन मोगरी?"

"मोगरी घेऊन तू पुढे चाल. मानानं."

"समज, मी वळणावर लावली. तं?"

"कायले लावशील?"

"समज म्हटलं नं."

"तं थांबणार नाही," मी म्हणालो. नानाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. "ट्रॅक्टरले कळणारसुद्धा नाही."

नाना खदखदून हसला. मांडीवर थाप मारून हसला. "अरे जाय! आबाच्या मोगरीपुढं सारं गाव थांबलं, आन तुझा ट्रॅक्टर थांबत नाही?" आणि मग नेहमीची थट्टा काढली. "तुझ्या वेल्डिंगनं एक काम कर. तुझ्या वहिनीचं तोंड तेवढं जोडून दे." दुकानात आला की तो असलंच काहीतरी घेऊन यायचा. फुटकं नशीब जोडून दे, तुटलेली झोप जोडून दे. मी हसलो आणि विषय तिथेच सोडला.

रथघरात काम सुरू करायच्या दिवशी नानाने चारही चाकांना पाणी घातलं. रथाला हत्यार लावण्याआधी ही आमच्या घरची रीत. मग तो रथावर हात ठेवून म्हणाला, "बालाजी, माझा भाऊ हात लावून राह्यला. राग मानू नको." मी हातात गॅस कटर घेऊन उभा. मला हसू येत होतं आणि कटर पेटवावासाही वाटत नव्हता.

सांगाडा मी दुकानातच जोडून आणला होता, पण आसाच्या जुन्या लोखंडी पट्ट्या तिथेच कापाव्या लागल्या. ठिणग्या उडायला लागल्या तसा नाना ओली पोती घेऊन पुढे झाला. जिथे ठिणगी जाईल तिथे पोतं. एवढं जुनं सागवान, एक ठिणगी आत शिरली तर आतल्या आत धुमसत राहतं. त्याने सगळा वेळ माझ्या कटरच्या तोंडापुढे हात ठेवून रथ जपला. हातावरचे केस जळले तरी हलला नाही. माझ्या दुकानातल्या कोणाही कारागिराने इतकं मन लावून माझं काम केलं नव्हतं.

चकती बसली, बोल्ट आवळले, दांडा जोडला. मी म्हटलं, "नाना, दांडा जरा ढकल बरं."

त्याने एका हाताने ढकलला. वंगण घातलेली चकती गर्रकन फिरली आणि रथाची पुढची दोन्ही चाकं वळली. नानाने दांडा दुसरीकडे ढकलला. चाकं दुसरीकडे वळली. त्याने पुन्हा एकदा करून बघितलं.

"वळले," तो म्हणाला.

आयुष्यभर हा माणूस ती चाकं वळवण्यासाठी त्यांच्यापुढे वाकला होता.  मी बोल्ट आवळायचे पाने गोळा करायला लागलो.

"लोटू, मंग मी कुठी उभं राहू?"

"सांगितलं नं. पुढे. ट्रॅक्टरच्याही पुढे."

"चाकापाशी नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि ओली पोती पिळून वाळत घातली.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी इंदूवहिनी, नानाची बायको, दुकानात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "भाऊजी, लई बरं केलं. दरवर्षी या दिवशी हे घरी येईपर्यंत मी दारातच उभी असते. उद्या एकादशीचं फराळाचं मी करते, दोघं भाऊ खायले बसा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम आपण नीट केलं.

रथ निघाला तेव्हा ऊन छान होतं. ट्रॅक्टरला फुलं बांधलेली, हुकालाही कोणीतरी हार घातलेला. जुना दोर अगदीच टाकवेना म्हणून कमिटीने तो ट्रॅक्टरच्या पुढे बांधला होता आणि गावातले म्हातारे नावाला त्याला हात लावून चालत होते. बँड लावला होता, तो बेफाम वाजत होता. मी हुकाच्या मागे, दांड्याच्या बाजूने चालत होतो, कान आणि डोळे दोन्ही हुकाकडे.

नाना पुढे नव्हता. तो डाव्या चाकापाशी होता. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर तेल पाजलेली मोगरी, चाकाच्या चालीने चालत.

"नाना, पुढं या नं," दिगंबरशेठ दोनदा म्हणाले. "मानाचे तुम्ही. चाकापाशी कायले?"

"मी इथंच असतो शेठ," नाना म्हणाला.

मीही खुणेने त्याला पुढे बोलावलं. त्याने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पहिल्या कोपऱ्यावर रथ वळला. कुरकुर नाही, आरडाओरडा नाही, ट्रॅक्टर वळला आणि मागोमाग रथ वळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळने मागे वळून मला अंगठा दाखवला. मी खूष. पण पुढच्या गल्लीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दारादारांत बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. एरवी रथ इतका रखडत चालायचा की प्रत्येक दारी थांबल्यासारखाच असायचा. ओवाळून व्हायचं, नारळ फुटायचा, म्हाताऱ्यांना चाकाला हात लावता यायचा. आता ट्रॅक्टर आपल्या चालीने चालला होता. सुभद्राआजी ताट घेऊन पायरी उतरेपर्यंत रथ तिच्या दारापुढून गेला. ती "थांब रे, थांब रे बापा" म्हणत दोन घरं मागे धावली. गोकुळला बँडमध्ये ऐकू कसं येणार? ताटातलं निरांजन विझलं आणि ती रस्त्यातच उभी राहिली.

नानाने ते बघितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो म्हणून मला माहीत आहे. त्याने मोगरी खांद्यावरून खाली घेतली.

मारुतीचं वळण आलं. देवळाच्या आडव्या भिंतीपुढे रस्ता एकदम डावीकडे वळतो, तिथेच. नाना चार पावलं पुढे धावला, वळून चाकाच्या समोर आला आणि वाकला. मी ओरडलो. बँडमध्ये माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पण नानाचा ऐकू आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज तो, कसा ऐकू येणार नाही?

"लागलीऽऽ!"

दोराला हात लावून चालणाऱ्या म्हाताऱ्यांनी दोर सोडला. सवयीने सोडला, सगळ्यांनी एकदम. दोर जमिनीवर पडला.

ट्रॅक्टर चालतच राहिला.

चाक मोगरीवर चढलं. एक क्षण रथ डाव्या अंगाला उचलला गेला, वरचं छत्र हललं, आणि मग खाली कडकन आवाज झाला. तो आवाज फक्त आम्ही दोघांनी ऐकला असेल. चाक खाली बसलं आणि पुढे निघालं. नानाच्या हातातला दांडा झटका बसून उडाला आणि मारुतीच्या भिंतीवर आपटला. रथ वळण घेऊन सुद्धा गेला. माझा हूक कुरकुरलासुद्धा नाही. लोकांना वाटलं, रस्त्यात खड्डा असेल. कोणीतरी "बालाजी महाराज की जय" म्हणालं आणि सगळे पुढे गेले.

मी नानाला धरलं. आधी त्याचे पाय बघितले. एक, दुसरा. दोन्ही धड होते. धोतराला साधी माती लागली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथेच मिठी मारली. तो माझ्या हातांत उभा होता, पण त्याचं अंग मला थंडगार लागलं.

"काही नाही झालं नं? नाना? काही नाही नं झालं?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही झालं."

मग तो खाली वाकून मोगरीचे तुकडे गोळा करायला लागला.

रथ दिवसाउजेडी देवळात पोहोचला. असं कधी झालं नव्हतं. देवळापुढे रथ थांबला की चाकापुढचा पहिला नारळ आणि भगवा फेटा मोगरीवाल्याचा, ही रीत. दिगंबरशेठ माईक घेऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, आनंदात होता इतकंच.

"मंडळी, या वर्षीचा फेटा कोणाचा? ज्यानं रथ आणला त्याचा! लोटू मिस्तरी, या इकडं!"

लोकांनी मला ढकलत पुढे नेलं. मी "नाही, नाही, नानाचा मान आहे" म्हणत होतो, आणि लोकांना वाटत होतं मी लाजतोय. गर्दी बाजूला झाली आणि नाना स्वतःच आला. त्याने दिगंबरशेठच्या हातातला फेटा घेतला आणि माझ्या डोक्याला बांधायला लागला. पीळ नीट बसावा म्हणून माझी हनुवटी धरून वर केली, लहानपणी शाळेत पाठवताना भांग पाडायचा तशी.

"घे," तो म्हणाला. "रथ तू आणला."

टाळ्या वाजल्या. मला तो फेटा उपटून फेकून द्यावासा वाटत होता.

गर्दी प्रसादाकडे वळली तेव्हा तो मला देवळाच्या पायरीवर सापडला. मांडीवर मोगरीचे दोन तुकडे. मी शेजारी बसलो.

"तुले म्हटलं होतं नं नाना, थांबणार नाही."

"म्हटलं होतं."

"मंग कायले लावली?"

त्याने तुकड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तो हलका हूक घेतला असता नं, तं तुटला असता. वळणावर मी मोगरी लावली असती आन तो तुटला असता. रथ थांबला असता."

"मंग तो कायले नाही घेऊ दिला?"

"लोक काय म्हटले असते? लोटूचं काम कच्चं होतं, म्हणून थांबला." त्याने तुकडे एकमेकांना लावून बघितले. "म्हणून म्हटलं पक्का घेऊ. सगळ्यात पक्का. त्याउपर थांबला, तं मोगरीनंच थांबला म्हणावं लागेल साऱ्यायले. तुझंही नाव राहील आन आबाचंही राहील."

 मला रडू यायला लागलं आणि मी ते दाबलंही नाही. नाना मात्र रडत नव्हता. त्याने ते तुकडे माझ्यापुढे धरले.

"लोटू, याले तुझं वेल्डिंग होते का रे?"

मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"लाकडाले होत नाही नाना."

"हो," तो म्हणाला. "लाकडाले कसं होईल."

त्या दिवशी वहिनीचं फराळाचं तसंच राहिलं. नाना घरी आला, ओट्यावर बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. आबा बसायचे त्याच जागी, तसाच भिंतीला टेकून. वहिनीने हाक मारली, मी मारली. "येतो" म्हणाला. उठला नाही. पुढे केळीचे घड वाहायलाही तो गेला नाही, आणि कोणी का म्हणून विचारलं तर "पाय दुखतात" म्हणायचा. दोन्ही पाय धड होते त्याचे. मी स्वतः तपासले होते.

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. दोर ओढायला माणसं नव्हती, आणि मला भाऊ जिवंत हवा होता. पुन्हा तीच वेळ आली तर मी तोच हूक बसवीन. पण ओट्यावर बसलेला माणूस बघून माझं दुकानात मन लागेना. वर्षानुवर्षं मी रोज सकाळी त्या ओट्यापुढून मान खाली घालून गेलो.

कार्तिकीला तेवढा तो ओट्यावरून उठून आत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी त्याच्या उशाशी बसायचो. ट्रॅक्टरचा आवाज यायचा, दारापुढून जायचा, लांब जायचा.

"गेला का?" नाना विचारायचा.

"गेला."

मग तो पुन्हा ओट्यावर.

शेवटच्या कार्तिकीला तो अंथरुणालाच होता. श्वास नीट चालत नव्हता, आणि सगळ्यांना कळलं होतं. ट्रॅक्टर गल्लीत शिरल्याचा आवाज आला तसा मी उठलो आणि बाहेर रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिलो. गोकुळने मला बघितलं. ट्रॅक्टर थांबला, रथ थांबला, आमच्या दारापुढे अगदी बरोबर. मी गोकुळला इंजिन बंद करायला लावलं. बँडवाल्यांनाही थांबवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गल्लीत रथ उभा होता आणि शांतता होती.

मी आत आलो. नानाचे डोळे उघडे होते. त्याने कोपरावर उठायचा प्रयत्न केला. वहिनीने त्याला धरलं.

"थांबला?"

"थांबला नाना. आपल्या दारात थांबला."

त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी त्या वळणानंतर कधी बघितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"कशानं थांबला?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. काय उत्तर द्यायचं ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. एक शब्द होता, साधा: मोगरीनं. मी तोंड उघडलं, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी नानाशी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि त्याला ते माहीत होतं.

"ब्रेकनं," मी म्हणालो.

"हां," नाना म्हणाला. "ब्रेकनं." आणि भिंतीकडे वळला.

बाहेर गोकुळने इंजिन चालू केलं. ट्रॅक्टर पुढे सरला, दांडा ताणला गेला आणि हुकाच्या जबड्याने कडी पकडल्याचा खट् आवाज मला आत ऐकू आला. दर कार्तिकीच्या आधी त्याला मीच वंगण घालतो. अजून कुठेही झिजलेला नाही.